मागची-पुढची ओळ

रफारचाचांचं खरं नाव छापखान्याच्या हजेरीपटावर होतं आणि तिथेच राहिलं. नोकरीला लागल्याच्या पहिल्याच वर्षी एका श्रद्धांजलीच्या पानावर 'स्वर्गवासी'चा रफार पडला होता आणि मशीनमधून धडाधड 'स्वगवासी' बाहेर पडत होतं. हे धावत गेले आणि मशीन थांबवायला लावली. मालक खवळले. मशीनवाला मात्र शांतपणे हात पुसत म्हणाला, "बरोबर बोलतोय तो. माणूस गेला तो गेला, निदान स्वर्गात तरी धड पोहोचू द्या." त्या दिवसापासून हे नाव चिकटलं. तेव्हा ते नुसते रफार होते. चाचा व्हायला आणखी पंधरा वर्षं आणि अर्धं टक्कल लागलं.

काम प्रूफं तपासायचं. बघणाऱ्याला सोपं वाटावं असं. डाव्या हाताला मूळ प्रत, उजव्या हाताला प्रूफ, मध्ये एक लाकडी पट्टी. पट्टी एकेक ओळ खाली सरकवायची आणि ताडून बघायचं. दिवसाला साठ पानं. संध्याकाळी बाहेर पडल्यावर रस्त्यावरच्या पाट्या त्यांना नकोशा व्हायच्या. त्यातही चुका दिसायच्या आणि तिथे लाल पेन चालत नसे.

त्या खोलीत कायदा एकच होता. टाइप करणाऱ्याने चूक केली तर लाल पेनाने दुरुस्त करायची. लेखकाची चूक वाटली तर हात लावायचा नाही. समासात निळ्या पेनाने शंका लिहायची, पुढे प्रश्नचिन्ह काढायचं आणि कागद संपादकांकडे जाऊ द्यायचा. नदी उलटी वाहायला लागली, राजा जन्मण्याआधी मेला, सगळ्याला निळं पेन. चाचांच्या शंकांची छापखान्यात ख्याती होती. त्यांची शंका सहसा खोटी ठरत नसे.

फक्त एका विषयावर त्यांचं निळं पेन चालत नसे. स्वतःच्या धर्माबद्दल काही आलं की ते मुकाट्याने पट्टी खाली सरकवत.

पूर्वी एकदाच ते चाललं होतं. नोकरीच्या चौथ्या वर्षी एका शब्दसूचीत 'जिहाद : परधर्मीयांना मारण्याचे युद्ध' असं आलं होतं. चाचांनी समासात लिहिलं, 'मूळ अर्थ झटणे, पराकाष्ठा करणे. तपासावे?' तेव्हाचे संपादक साधे गृहस्थ होते, पण त्यांनी त्या शंकेवर आडवी रेघ मारली आणि पुढचे तीन महिने चाचांनी तपासलेलं प्रत्येक पान दुसऱ्या कुणाकडून तरी पुन्हा वाचून घेतलं. का, ते कुणी सांगितलं नाही. एकदा चहा घेताना कानावर आलं, ध चा मा व्हायला वेळ लागत नाही, त्यांच्या हातात लेखणी आहे. चाचांनी कप विसळला आणि जाग्यावर येऊन बसले. त्यानंतरची सत्तावीस वर्षं त्यांनी स्वतःचा धर्म असा वाचला, जसं शेजाऱ्याच्या घरातलं भांडण ऐकून न ऐकल्यासारखं करावं.

तरी माणसं विचारायची थांबत नव्हती. जगात कुठेही स्फोट झाला की दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी त्यांच्या टेबलाशी कुणी ना कुणी रेंगाळायचं. वाईट माणसं नव्हती ती. आवाज खाली आणून विचारायची, चाचा, तुमच्यात खरंच असं लिहिलंय का हो? सुरुवातीला चाचांकडे तीन उत्तरं होती. लांब, मधलं आणि आखूड. लांब उत्तरात ते सांगायचे की सलाम आणि इस्लाम एकाच धातूतून आले. पण इस्लाम म्हणजे नुसती शांती असंही नाही, देवापुढे मान तुकवणं असा त्याचा अर्थ, आणि मान तुकवल्यावर जी मिळावी ती शांती. जिहाद म्हणजे झटणं. स्वतःच्या रागाशी, लोभाशी झटणं त्यात आलं. लढाईही त्यात येते, येत नाही असं नाही, पण तिला कुंपण घातलंय. बाई, मूल, म्हातारा, मठातला साधू यांच्या अंगाला हात लावायचा नाही, फळतं झाड तोडायचं नाही. एवढं सांगून होईपर्यंत समोरच्याचा चहा संपलेला असायचा आणि नजर घड्याळावर. मधलं उत्तर चार वाक्यांचं होतं, तेही हळूहळू झिजलं. गेली दहाएक वर्षं फक्त आखूड उरलं होतं. "तसं नाही हो."

यात शिणवणारं काय होतं, ते घरी फक्त बायकोला ठाऊक होतं. विचारणाऱ्यांचं त्यांना फारसं वाटत नसे. वाटायचं ते कात्रीचं. एका स्फोटानंतर मारणाऱ्यांची चिठ्ठी पेपरात छापून आली होती. तिच्यात कुराणातली म्हणून 'सापडतील तिथे त्यांना मारा' अशी जी ओळ होती, नेमकी तीच ओळ या धर्माचा दुस्वास करणाऱ्यांच्या पत्रकात होती. तेवढीच आणि तिथेच तोडलेली. चाचांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून ताडून बघितले. सवयच ती. एका काना-मात्रेचा फरक निघाला नाही.

आणि भलं करणारेही काही कमी नव्हते. बायकोचा भाऊ मशिदीच्या कमिटीवर होता. त्याने भिंतीवर लावायचं एक कॅलेंडर काढलं. वर मोठ्या अक्षरात, एका माणसाला मारणं म्हणजे साऱ्या माणुसकीला मारणं. चाचांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, यालाही मागचं-पुढचं आहे, ते कुठे गेलं? कुणाला सांगितलंय, अपवाद कोणता ठेवलाय, तेही तिथेच लिहिलंय. अर्थ चांगला आहे म्हणून अर्धं कापायचं का?

"दाजी," मेहुणा हात जोडून म्हणाला, "निदान आपल्या बाजूचं तरी प्रूफ तपासू नका."

चाचांची लेक दवाखान्यात नर्स होती. तिच्या पाळ्या चालायच्या, म्हणून तिची मुलगी, चाचांची नात, बहुतेक यांच्याकडेच असायची. पाचवीत होती. वर्गात त्यांच्या धर्मातली ती एकटी. एका दुपारी शाळेतून आली आणि दप्तर न काढताच उभी राहिली. बाकावरच्या मैत्रिणीने विचारलं होतं, तुमच्या देवाच्या पुस्तकात मारायला सांगितलंय ना गं?

चाचांनी तिला जवळ घेऊन कुराण उघडलं आणि ती ओळ दाखवली. आहे, म्हणाले, लपवायचं काय त्यात. मग आधीची दाखवली. जे तुमच्यावर चालून येतात त्यांच्याशीच लढा आणि मर्यादा ओलांडू नका, ओलांडणारे देवाला आवडत नाहीत. मग नंतरची. ते थांबले तर देव क्षमा करणारा आहे. लढाई कुणाशी चालली होती, ज्यांनी घरातून हाकलून दिलं त्यांच्याशी, तेही सांगितलं. नातीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पण नाना, हे आपल्या घरातल्या पुस्तकात आहे. शाळेच्या पुस्तकात असलं तरच ती खरं मानेल."

चाचांनी कुराण मिटून ठेवलं. सबंध आयुष्य त्यांनी याच समजुतीवर काढलं होतं, की छापलेलं ते खरं असावं.

निवृत्तीला तीन महिने उरले असताना सहावीच्या इतिहासाचं पुस्तक टेबलावर आलं. नवीन पुस्तक, येत्या वर्षीच शाळांत जायचं. म्हणजे नातीच्या हातात. चाचा पट्टी सरकवत चाललेले. सातव्या धड्यात, घोडेस्वारांच्या चित्राच्या वर, ती ओळ होती. 'ते जिथे सापडतील तिथे त्यांना मारा, असे त्यांच्या धर्मग्रंथात सांगितले आहे.' पूर्णविराम. पुढच्या वाक्यात सैन्य निघालं होतं.

पट्टी तिथेच थांबली. चहा आला, गार झाला. सत्तावीस वर्षं जमलं तसं आता तीन महिने जमवायला काय हरकत होती? पण डोळ्यांपुढे दप्तर न काढलेली पोर उभी. ती आणि तिची मैत्रीण एकाच बाकावर बसून हे पान उघडणार. आता ते शाळेच्या पुस्तकातही असणार.

त्यांनी निळं पेन घेतलं. लांब उत्तर लिहिलं नाही, मधलंही नाही. प्रूफं तपासणारा लिहितो तेच चार शब्द लिहिले, 'मागची-पुढची ओळ सुटली?' आणि ती कुठे सुटली हे दाखवणारी खूण ओळीत केली.

संपादकबाईंनी दुसऱ्या दिवशी बोलावलं. बाई चाचांहून वीस वर्षांनी लहान. टेबलावर पाच पुस्तकांचे गठ्ठे, डोळे तांबारलेले. त्यांनी ते पान पुढे सरकवलं.

"ओळ खोटी आहे का चाचा?"

"खोटी नाही बाई. आहे तशीच आहे."

"मग?"

"अर्धी आहे."

बाई थकल्यासारखं हसल्या. "इतिहासाच्या पुस्तकात सगळं अर्धंच असतं. नाहीतर पोरांना दप्तर उचलेल का?" मग जरा थांबून म्हणाल्या, "लेखकाने संदर्भ दिलाय. त्यातून तुम्ही शंका काढली म्हटलं की लोक काय म्हणतील सांगा. मी नाही म्हणत."

"तुम्ही नाही म्हणत," चाचा म्हणाले.

त्यात टोमणा नव्हता, पण बाईंना लागलं. त्यांनी मान खाली घालून पेन्सिलने त्या चार शब्दांवर रेघ मारली. फिकट रेघ, जणू कागदाला दुखेल. चाचा उठले. 

कागद तिथून टायपिंगला गेला. टायपिंगला जो माणूस होता त्याला सगळे झेरॉक्स म्हणत. पन्नाशीचा, अबोल. कागदावर जे दिसेल ते जसंच्या तसं टाइप करायचा. एकदा समासात बाईंनी 'चहा सांगा' लिहिलं होतं, तेही एका कवितेच्या तिसऱ्या कडव्यात गेलं होतं आणि चाचांनी ते वेळेवर बाहेर काढलं होतं. झेरॉक्सला फिकट पेन्सिल दिसली नाही. निळी शाई दिसली, खूण दिसली. त्याने खुणेच्या जागी चार शब्द बसवले.

शेवटचं प्रूफ आलं तेव्हा चाचा सातव्या धड्यावर आले आणि त्यांना स्वतःचा आवाज ऐकू आल्यासारखं झालं. '...त्यांना मारा, असे त्यांच्या धर्मग्रंथात सांगितले आहे. मागची-पुढची ओळ सुटली? त्यानंतर सैन्याने नदी ओलांडली.' तेच टाइप, तोच आकार. जणू लेखकालाच मध्ये प्रश्न पडला होता.

आधी त्यांना हसू आलं. मग त्यांनी पेन खाली ठेवलं.

या प्रूफानंतर कुणी बघणार नव्हतं. कोपऱ्यात सही केली की पुस्तक छापायला. काहीच करायचं नव्हतं, फक्त चूक तशीच राहू द्यायची होती. पट्टी एक ओळ खाली सरकवली की हजारो पोरं वर्गात हात वर करून विचारणार, बाई, कुठली ओळ सुटली? बोलणी खाल्ली असती झेरॉक्सने. किंवा त्यांनीच, पण तेव्हा ते घरी बसलेले असते. इतका सोपा मार्ग आयुष्यात पहिल्यांदा आला होता, तोही आपल्या पायांनी चालत.

चाचांनी पट्टी बाजूला ठेवली. मग लाल पेन उचललं आणि आपले चार शब्द खोडले. एवढी वर्षं दुसऱ्यांच्या मजकुरात कुणाला घुसू दिलं नव्हतं, स्वतःला कसं घुसू देणार? खोडल्यावर मात्र एक अडचण झाली. ते शब्द आल्यामुळे परिच्छेद एका ओळीने वाढला होता आणि जुळणी करणाऱ्याने चित्र खाली ढकललं होतं. आता घोडेस्वारांच्या डोक्यावर एक ओळ रिकामी राहत होती. ते पान घेऊन चाचा बाईंकडे गेले.

"एक चूक सापडली. काढलीय. पण एक ओळ उघडी पडते, तिचं काय करायचं?"

बाईंनी मजकूर मोठ्याने वाचला. खोडलेले शब्दही वाचले, सवयीने. मग थांबल्या. पुन्हा वाचला, यावेळी मनात.

"हे असंच गेलं असतं," त्या म्हणाल्या. "सही तुमचीच होती. का खोडलंत?"

"चूक होती ती."

 बाईंनी लेखकाला फोन लावला. पलीकडून काय आलं ते चाचांना अर्धवटच कळलं. लेखकाने ती ओळ दुसऱ्या कुणाच्या पुस्तकातून घेतली होती, त्याने आणखी कुणाच्या. मूळ पान कुणीच उघडलं नव्हतं. घाला काय घालायचं ते, तो म्हणाला म्हणे, मला अजून दोन धडे लिहायचेत. बाईंनी फोन ठेवला. "एक ओळ आहे चाचा. एकच. बसेल तेवढं लिहून द्या. आणि हो, ताडून बघायला मूळही आणा. मी स्वतः बघणार."

म्हणजे अजूनही कुणीतरी पुन्हा वाचणारच होतं. पण यावेळी समोर बसवून, सांगून. चाचांना त्यातही बरं वाटलं आणि बरं वाटल्याचा थकवाही आला.

घरी येऊन त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. एक ओळ मिळतेय, मागची घेऊ की पुढची?

"दोन्ही," ती भाजी निवडत म्हणाली.

"दोन्ही बसत नाहीत. खाली घोडेस्वारांचं चित्र आहे."

"मग त्यांना म्हणावं, अहो, तलवारी जरा आखूड करा. आपोआप जागा होईल."

चित्र मंजूर झालेलं होतं. तलवारी तेवढ्याच राहिल्या. चाचांनी मागची ओळ निवडली, कारण मर्यादा आधी यायला हवी, क्षमा नंतरची. सतरा वेळा लिहून, अक्षरं मोजून त्यांनी ती बसवली. 'त्याआधीची आज्ञा : लढणाऱ्यांशीच लढा, मर्यादा ओलांडू नका.' बाईंनी कुराणाच्या भाषांतराशी अर्थ ताडून बघितला, मान हलवली. झेरॉक्सने कागदावर दिसलं ते टाइप केलं. चाचांनी शेवटचं प्रूफ तीनदा वाचलं आणि सही केली. दोन आठवड्यांनी ते निवृत्त झाले. निरोपाला मालकाच्या मुलाने भाषण केलं, त्यात स्वर्गवासीची गोष्ट सांगितली. सगळे हसले. मशीनवाला आता खरोखरच स्वर्गवासी होता.

शाळा सुरू झाली. नातीला नवी पुस्तकं मिळाली. तिने इतिहासाचं घेतलं आणि उभ्याउभ्याच सातवा धडा उघडला. चाचा आरामखुर्चीत डोळे मिटून होते. पण कान तिकडेच.

"नाना, 'मयादा' म्हणजे काय?"

त्यांनी डोळे उघडले. पुस्तक हातात घेतलं, चष्मा शोधला, तो डोक्यावरच होता. घोडेस्वारांच्या डोक्यावर स्वच्छ छापलं होतं, 'मयादा ओलांडू नका.' रफार नव्हता.

झेरॉक्सचा दोष नव्हता, हे त्यांना तिथल्या तिथे कळलं. त्याने दिसलं तेच टाइप केलं होतं. सतराव्या वेळी लिहिताना रफार त्यांच्याच हातून सुटला होता. आणि तीनदा वाचूनही दिसला नव्हता, कारण ती ओळ त्यांना पाठ होती. पाठ असलेलं डोळा वाचत नाही, पुढे जातो. बाईंनाही दिसला नाही. त्या अर्थ तपासत होत्या.

बायको आतून आली, तिने पुस्तक बघितलं आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली. हसता हसता खाली बसली. "साऱ्या जगाचे रफार लावत फिरलात," ती म्हणाली, "आणि देवाचा विसरलात." चाचा हसले नाहीत. छापून झालेल्या एकाही प्रतीसाठी आता मशीन थांबवता येणार नव्हती. त्यांनी लाल पेन मागवलं. नातीच्या पुस्तकात 'या'च्या डोक्यावर रफाराचा बारीकसा आकडा काढला, शाई वाळेपर्यंत पान उघडं धरलं आणि पुस्तक परत दिलं.

दुसऱ्या दिवशी नात शाळेतून आली ती दप्तराच्या ओझ्याने वाकून. तिने इतिहासाची पाच पुस्तकं काढून त्यांच्या मांडीवर ठेवली. सगळ्यात वरचं बाकावरच्या मैत्रिणीचं होतं.

"मी लाल खूण दाखवली तेव्हा बाईंनी ही ओळ वर्गात वाचली. ती म्हणाली, माझ्या पुस्तकात चुकीचा शब्द आहे," नातीने सांगितलं. "मी म्हटलं, ते माझ्या नानांनी लिहिलंय. तर म्हणाली, मग त्यांनीच दुरुस्त करायचं."

"अजून किती आहेत?"

"वर्गात चाळीस. माझं आणि ही पाच झाली की चौतीस राहतात."

चाचांनी खुर्ची खिडकीजवळ ओढायला सांगितली. तिथे उजेड बरा होता. मग मैत्रिणीचं पुस्तक उघडलं, सातवा धडा काढला आणि पट्टी नव्हती म्हणून बोट ओळीखाली ठेवलं.